चेण्याची माती आणि बारा गडी

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याला लागले की ओवळ्यापर्यंत प्रवासी शहरातच असतो. तीस-तीस मजल्यांच्या इमारती, त्यांची विलायती नावे, आणि त्या नावांशी काडीचाही संबंध नसलेली धूळ. गायमुख मागे पडले मात्र, की रस्त्याला आपले जुने वळण आठवते. डाव्या हाताला येऊरचा डोंगर अगदी अंगावर येतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान तिथून सुरू होते. उजव्या हाताला झाडांच्या फटींतून वसईची खाडी मधूनच चमकते. या घाटात मालमोटारींची जी रांग लागते तिचे वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एवढेच सांगतो की प्रथम वर्षाच्या अर्ध्या वर्गाच्या उत्तरपत्रिका मी तिच्यात बसून तपासल्या आहेत, आणि गुण जरा सढळ हाताने दिले आहेत. घाट उतरला की एक पूल येतो. त्याच्याखालून वाहते ती चेण्याची नदी, आणि पुलाच्या अवतीभवती पसरले आहे ते चेणे.

मुंबईकराला हे गाव माहीत असते ते पावसाळ्यापुरते. चार-दोन शनिवार-रविवार नदीत डुंबावे, भजी खावीत, पिशव्या टाकून निघून जावे, इतकाच त्याचा या गावाशी परिचय. सरकारदरबारी तर चेणे हे आता गावही नाही. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि आज चेणे म्हणजे त्या महानगराचा एक हिरवा कोपरा आहे. कोपरा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे. खाडीच्या बाजूने आणखी थोडे पश्चिमेला गेले की घोडबंदरचा किल्ला. पोर्तुगिजांनी बांधलेला, आणि वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. अरबी घोडे गलबतांतून या बंदरात उतरत, म्हणून हे घोडबंदर, असे सांगतात.

मी चेण्याला गेलो तो मात्र नदीसाठी नव्हे आणि किल्ल्यासाठीही नव्हे. आमच्या महाविद्यालयातला दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी या गावचा. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसतो आणि ज्ञानेश्वरीच्या तासाला झोपतो. एकदा मी त्याला उठवून कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, रात्री मॅच होती." कसली, म्हणून विचारले तर उत्तर आले, "कबड्डी. तुम्ही या ना एकदा." गेल्या मार्गशीर्षात मी गेलो.

मैदान म्हणजे भाताची खाचरे. दिवाळीच्या आगेमागे भात कापून झाले की मधला बांध फोडून दोन खाचरे एक करायची, धसकटे खणून काढायची, माती चाळायची, पाणी शिंपडून रूळ फिरवायचा आणि फक्कीने रेषा ओढायच्या. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्यरेषा, निदान रेषा, तिच्यापलीकडे बोनसची रेषा. माती जमली की नाही याची परीक्षा मला एका पोराने करून दाखवली: मुठीत दाबली तर ढेकूळ व्हावे आणि सोडली तर फुटावे. ठाणे-रायगडच्या आगरी गावांतून दिवाळी ते शिमगा हा सारा काळ असा कबड्डीचा. रात्री दिवे लावायचे, शेजारच्या गावचे संघ बोलवायचे आणि पहाटेपर्यंत खेळायचे. ज्ञानेश्वरीच्या तासाचे काय होणार, ते उघड आहे.

संध्याकाळी सामन्याला अवकाश होता, म्हणून मला एका घराच्या ओटीवर बसवले. तिथे आधीच एक सभा भरली होती. सभेचे अध्यक्ष म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. ठाण्यातल्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली आणि त्या कारखान्याच्या संघात ते डाव्या कोपऱ्यात खेळले. त्यांच्या दोन्ही करंगळ्या वाकड्या आहेत. पळत्या गड्याचा घोटा धरायचा म्हणजे बोटे जायचीच, असे ते म्हणाले. जशी एखाद्या लेखनिकाने शाईच्या डागाची हकिकत सांगावी. त्यांच्या समोर बसले होते आमच्या विद्यार्थ्याचे मामा. वय पस्तिशीचे, नोकरी सरकारी, खात्याच्या संघातून खेळलेले, आणि आता मुलांना शिकवणारे. सभेपुढला विषय होता भारताचा कबड्डी संघ. बारा गडी कोण घ्यावेत, आणि त्यांनी खेळावे कसे?

इराण्याच्या हॉटेलात एका चहावर भारताचा क्रिकेटचा संघ निवडणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. इथे मात्र भांडणाच्या मुळाशी खुद्द इराणच होता.

थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. हा आपला हुतूतू. बंगाल्यात हाडुडु, तमिळ मुलखात चेडुगुडु. एके काळी या खेळाच्या तीन तऱ्हा होत्या. संजीवनीत गडी बाद झाला तरी समोरचा मेला की हा जिवंत होई. गामिनीत मेला तो मेला. अमरात कोणी मरतच नसे, नुसते गुण मोजायचे. म्हणजे खेळावे कसे, हा वाद काही आजचा नाही. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम बांधून स्पर्धा घेतली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, १९५२ साली मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९९० साली पेकिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली तेव्हा सुवर्णपदक आणणाऱ्या संघात आपले राजू भावसार होते, अशोक शिंदे होते. तिथून २०१४ पर्यंत पुरुषांची ओळीने सात सुवर्णपदके.

आणि मग २०१८ चे जकार्ता.

त्या जानेवारीत हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने सेनादलाला अंतिम सामन्यात ३४–२९ असे हरवले होते. कर्णधार रिशांक देवाडिगा. पुढे जकार्त्याला जो बारा जणांचा संघ गेला त्यात महाराष्ट्राचे दोघे: रिशांक, आणि आमच्या कल्याणचा गिरीश इरनाक. त्या संघाने गटातच कोरियाकडून २३–२४ अशी हार खाल्ली आणि उपांत्य सामन्यात इराणने त्याला २७–१८ असे लोळवले. अठ्ठावीस वर्षांत भारत प्रथमच सुवर्णपदकावाचून परतला.

तात्यांच्या जिव्हारी लागलेले शल्य हे. "हैदराबादला आमी जिकलो," ते म्हणाले, "आन बारा जनान आमची दोनच?"

मामांचे म्हणणे निराळे. राष्ट्रीय संघ हा काही राज्यांना वाटायचा प्रसाद नव्हे. उत्तरेची पोरे थोराड. हरियाणात, सेनादलात, रेल्वेत त्यांना वर्षभर सराव, खुराक, नोकरी. आमचा पोरगा चपळ खरा, पण त्याला एकदा कमरेत धरले की संपले. "सर, जोरावाचून काही चालत नाही आता. चार जणांना ओढून रेषेवर हात टेकवायला लागतो."

आता, वाचकहो, मी मराठीचा मास्तर. माझ्या डोळ्यांना जे दिसले ते सांगतो, आणि खेळणाऱ्यांनी हसू नये. 'महाराष्ट्राचा खेळ' म्हणून जे सांगितले जाते ते असे: हलका गडी, पायाच्या अंगठ्याने किंवा बोटांच्या टोकाने शिवून परत फिरणारा, बोनसच्या रेषेवर पाऊल टाकून ते उचलणारा, आणि पकडीत कोपऱ्यातला माणूस, वाकून घोट्यावर झेप घालणारा. 'उत्तरेचा खेळ' म्हणजे अंगाचा: छातीने धडक द्यायची, वाट अडवायची, किंवा धरल्यावर धरणाऱ्यांसकट रेषा गाठायची. ही वाटणी सोयीची आहे; पण ती फारशी खरी नाही. बोनसच्या रेषेवर सर्वांत नाजूक पाऊल टाकणारा अनूप कुमार हा हरियाणाचा. २०१६ साली अहमदाबादला विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा तो कर्णधार. साखळीच्या हातांखालून डुबकी मारून निसटणारा परदीप नरवालही हरियाणाचाच. आणि आमचा गिरीश इरनाक काही वाऱ्याने उडून जाणारा गडी नव्हे. गनिमी कावा विरुद्ध मैदानी फौज, भीमथडीचे तट्टू विरुद्ध अरबी घोडा, अशा उपमा व्यासपीठावर छान वाजतात. घोडबंदर इतके जवळ असताना मलाही मोह झाला होता. पण उपमेने संघ निवडू नये.

खेळ बदलला तो मुलखामुळे नव्हे, जमिनीमुळे आणि घड्याळामुळे. आज राष्ट्रीय काय नि आंतरराष्ट्रीय काय, सामने होतात मॅटवर, पायात बूट घालून. मातीत पाय थोडा सरकतो. त्या सरकण्यातूनच मातीवरच्या पोराला वेग मिळतो, आणि धरणाऱ्याचाही पाय सरकत असल्यामुळे त्याला निसटायला फट मिळते. मॅटवर पाय रुततो. धरणारा एकदा रोवून उभा राहिला की हलत नाही. पडल्यावर खरचटत नाही, त्यामुळे धडक द्यायची भीतीही गेली. हे मला मामांनी उभे राहून, माझाच दंड धरून समजावले. तो दंड दोन दिवस दुखत होता. दुसरी गोष्ट घड्याळाची. पूर्वी चढाई दमावर चाले. छातीत दम असेल तोवर गड्याने समोर घुमत राहावे, समोरच्याची चूक होण्याची वाट पाहावी. आज तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. गुण आणा नाही तर बाद व्हा. वाट पाहणाऱ्या माणसाची सद्दी या नियमाने संपवली. तात्यांच्या तारुण्यात वाट पाहणे हीच अर्धी विद्या होती.

तात्या हे सगळे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मास्तर, गादी निजाला. खेलाला माती." ओटीवर हशा झाला. मामाही हसले. पण पुढचे वाक्य तात्यांनी खालच्या आवाजात उच्चारले आणि ते मला अधिक मोलाचे वाटले. त्यांच्या मते घोट्याची पकड मेलेली नाही. ती फक्त परदेशी गेली आहे. इराणचा फझल अत्राचली, डावा कोपरा, मुंबईच्याच व्यावसायिक संघातून खेळला, आणि त्याची घोट्यावरची झेप पाहायला तात्या दूरचित्रवाणीसमोर चष्मा पुसून बसत. "ती पकड आमची," ते म्हणाले आणि वाकडी करंगळी वर केली.

या बोलण्यावर मला एक गोष्ट सांगावीशी वाटली, आणि मी ती सांगितली, कारण ओटीवर बायकाही येऊन बसल्या होत्या आणि आतापर्यंत सगळी चर्चा पुरुषांच्याच संघाची झाली होती. त्याच जकार्त्याला भारताच्या मुलीही अंतिम सामन्यात इराणकडून २४–२७ अशा हरल्या. त्या इराणी मुलींची प्रशिक्षक होती मराठी बाई: नाशिकच्या शैलजा जैन. भारतीय संघ काही त्यांच्या हाती आला नाही. इराणने बोलावले, आणि त्या गेल्या. भाषा वेगळी, अन्न वेगळे, रिवाज वेगळे. तिथल्या मुलींना त्यांनी योगासने, प्राणायाम शिकवला आणि दीड वर्षात सुवर्णपदक मिळवून दिले. निवड खेळाडूंची जशी होते तशी शिकवणाऱ्यांचीही होते, आणि तिच्याविषयी ओटीवर कोणी भांडत नाही. एक आजीबाई पदर सावरून म्हणाल्या, "मग ती बाई आपली का त्यांची?" या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. अजूनही माझ्यापाशी ते नाही.

जकार्त्याच्या आधीच निवडीचा वाद थेट दिल्लीच्या उच्च न्यायालयात पोहोचला होता. न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत एक अजब सामना ठरला: निवडलेला संघ विरुद्ध निवड न झालेले. निवडलेला संघ आलाच नाही. असा आदेश आमच्या साहित्यक्षेत्रात कोणी दिला, आणि संमेलनाला न बोलावलेल्या कवींनी बोलावलेल्यांशी एका मंचावर दोन हात करावेत असे ठरवले, तर मंडप पुरणार नाहीत. पण विनोद सोडला तर त्या रिकाम्या अर्ध्या मैदानाचे चित्र मला फार विदारक वाटते. नियमावर बोट ठेवून न्याय मागता येतो. खेळ मागता येत नाही.

पुढे २०२३ साली हांगचौला पदक परत आले, आणि तेही भांडणातूनच. शेवटचे क्षण, २८–२८ अशी बरोबरी, करो या मरो चढाई. पवन सेहरावत कोणाला न शिवता लॉबीत गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे पकडपटूही. जुन्या नियमाने पाहावे तर मागे गेलेलेही बाद. नव्याने पाहावे तर एकटा पवन बाद. तासभर सामना थांबला. शेवटी ३३–२९. त्या संघात नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता, नाशिकचा आकाश शिंदे होता. म्हणजे पुन्हा दोघेच. तात्यांनी बोटे मोजून दाखवली. मामांनी आठवण करून दिली की मार्च २०२४ मध्ये हाच अस्लम पुण्याच्या संघाचा कर्णधार होऊन प्रो कबड्डी जिंकला. दम असेल तर कोणी अडवत नाही.

एवढ्यात आमचा विद्यार्थी पाणी शिंपडून आला आणि पायरीवर बसला, आणि मला कळले की हा सगळा वाद भारताच्या संघाविषयी नव्हताच. तो या पोराविषयी होता.

आदल्या वर्षी तो एका निवड चाचणीला गेला होता. तेव्हा वजन एकसष्ट किलो. खेळ चांगला झाला, पण एका निवडकर्त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "बाळ, अंग आण." पुरुष गटात पंच्याऐंशी किलोपर्यंत मुभा आहे, एकसष्ट किलोचा पोरगा त्या रांगेत शेवटचाच दिसतो. मामांनी अंडी-केळी सुरू केली, काशीमिऱ्याच्या व्यायामशाळेत नाव घातले. चार महिन्यांत पाच किलो वाढले. आणि बोनसच्या रेषेवरून मागे येणारे पाऊल उशिरा येऊ लागले. किती उशिरा? त्याने अंगठा आणि तर्जनी किंचित दूर धरून दाखवले. घोटा धरायला तेवढे पुरते. गावच्या सामन्यांतही तो सापडू लागला. घरात मामा-तात्यांचे बोलणे बंद होण्याची वेळ आली. पोरगा दोघांचेही ऐकत होता. म्हणजे कोणाचेच ऐकत नव्हता.

मला विचारले गेले, "मास्तर, तुमी सांगा." विद्यार्थ्याचे भवितव्य असे एकाएकी ओंजळीत आले की आम्हा मास्तरांची भंबेरी उडते. मला सुचले ते मी बोललो. बोनसचा गुण केव्हा मिळतो? समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच. म्हणजे भरल्या मैदानात, डावाच्या सुरुवातीला, हलका गडीच कामाचा. त्याने एकेक गुण वेचत राहावे. समोर तिघे उरले म्हणजे बोनस बंद होतो, अव्वल पकडीची भीती सुरू होते, आणि तिथे अंगाचा माणूस हवा. सात जणांचा संघ हा एकाच मापाच्या सात माणसांचा होत नाही. कोपरा आणि त्याच्या शेजारचा कव्हर यांची तर जोडीच असावी लागते, एकमेकांचा श्वास ओळखणारी. आणि निवड चाचणीत काय होते? ओळखदेख नसलेली पोरे दहा-दहा मिनिटे एकत्र खेळवून एकेकट्याला तराजूत घालतात. बैलजोडी निवडताना शेतकरी असे करत नाही. माझ्या मते, पोराने आपले पाऊल राखावे आणि निवडणाऱ्यांनी आपला तराजू बदलावा.

मामा शांतपणे म्हणाले, "तराजू बदलेपर्यंत पोरगा तिशीचा होईल, सर. नोकरी पंचविशीच्या आत लागायला पाहिजे." जिल्हा, राज्य, मग रेल्वे किंवा पोलीस, खेळाडूंच्या जागेवर कायमची नोकरी. त्यांच्या हिशेबात भारताचा संघ फार पुढे होता. एक पगार होता. माझे सगळे विवेचन त्या एका वाक्यापुढे वर्गातले वाटू लागले, आणि तात्याही बराच वेळ काही बोलले नाहीत.

रात्री सामना झाला. पहिल्या चढाईत पोरगा बोनस घेऊन परत आला. तिसऱ्या चढाईत त्याला कोपऱ्याने धरले, मामा ओरडले, तात्यांनी मान फिरवली. पोरगा मातीत आडवा झाला, एक पाय कोपऱ्याच्या मिठीत, आणि हात रेषेकडे. बोटे रेषेपलीकडे पडली की अलीकडे, यावर पंचांशी पाच मिनिटे हुज्जत झाली. गुण मिळाला. तो अंगाच्या बळावर मिळाला की चपळाईच्या, यावर ओटीवर परत आल्यावर आणखी अर्धा तास.

मध्यंतरात तो माझ्याकडे एक कागद घेऊन आला होता. यंदाची निवड चाचणी अंतर्गत परीक्षेच्या दिवशीच पडली होती; फेरपरीक्षेच्या अर्जावर विषय शिक्षकाची सही हवी होती. दिव्याच्या खांबाला कागद टेकवून मी सही केली. ज्ञानेश्वरीवरचा प्रश्न तेवढा नीट वाचून ये, म्हणालो. तो चाचणीला गेला आणि राखीव म्हणून निवडला गेला. बाकावर बसून तीन सामने पाहून आला. फेरपरीक्षेत पास झाला. जेमतेम.

परवा त्याची गाठ पडली. चेण्याला भात अजून उभे आहे, कापणी व्हायची आहे. चाचणी पुन्हा येते आहे. वजन विचारले तर चौसष्ट म्हणाला. मामा म्हणतात कमी. तात्या म्हणतात जास्त.